आधी खोली, मग खटला

एक माणूस डोळ्यांसमोर आणा. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातलं टॅकोमा शहर, तिशीतला तरुण, नाव आपण डॅनी ठेवू. डॅनी मी कल्पिलेला आहे. तो ज्या वाटेने जाणार आहे ती मात्र खरी आहे. त्याने एका दुकानाची काच फोडली आणि आडवा आलेल्या रखवालदाराला ढकललं. त्याला आवाज ऐकू येतात. गेली काही वर्षं तो 'मेथ', म्हणजे मेथॅम्फेटामिन, ओढतोय. त्यामुळे कुठला आवाज आजाराचा आणि कुठला नशेचा, हे पहिल्या भेटीत डॉक्टरांनाही सांगता येत नाही. तुरुंगात त्याला भेटायला वकीलबाई येतात. गरीब आरोपींना सरकार मोफत देतं तशा बचावाच्या वकील. त्या विचारतात, "तुमच्यावर काय आरोप आहे, ठाऊक आहे का?" डॅनी म्हणतो, "तुम्ही त्यांच्यातल्याच. माझा निकाल टीव्हीवर कधीच लागून गेला."

वकीलबाई कोर्टाला कळवतात, की माझ्या अशिलाला खटलाच कळत नाहीये. झालं, खटला तिथे थांबतो.

हा लेख त्या थांबलेल्या काळाबद्दल आहे. त्या काळात डॅनी राहणार कुठे? आणि त्याला मिळालेल्या घरात दारू-ड्रग्जला सक्त बंदी असेल, तर त्यातून काय काय घडतं? विषय परका वाटेल, कायद्याच्या पुस्तकातला वाटेल. पण ज्याच्यावरचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही अशा माणसाची सुटका एका खोलीच्या भाड्यावर आणि लघवीच्या एका कपावर टांगलेली असते, हे एकदा कळलं की तो परका राहत नाही.

वेडाचा बचाव वेगळा, हे वेगळं

सुरुवातीलाच एक गल्लत दूर करू, कारण शिकलेली माणसंही ती करतात. 'गुन्हा करताना तो भानावर नव्हता, म्हणून त्याला दोषी धरू नका' हा वेडाचा बचाव. त्यात नजर मागे असते, गुन्ह्याच्या क्षणाकडे. डॅनीच्या बाबतीतला प्रश्न आजचा आहे. आज, या घडीला, त्याला त्याच्यावरचा खटला समजतो का? आपल्या वकिलाशी तो धड बोलू शकतो का? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६०मध्ये डस्की खटल्यातल्या अगदी छोट्या निकालात हीच कसोटी घालून दिली. आपल्यावर काय चाललंय याची नुसती माहिती असून भागत नाही, ते तर्काने उमगायला हवं, आणि वकिलाला मदत करता यायला हवी. तिथे याला कॉम्पिटन्सी म्हणतात. आपण सक्षमता म्हणू.

सक्षम नसलेल्या माणसावर खटला चालवणं म्हणजे हजर नसलेल्यावर खटला चालवणं. म्हणून कोर्ट थांबतं आणि त्याला 'सक्षम' करायला सांगतं. यालाच रिस्टोरेशन म्हणतात. त्यात भ्रम आणि भास आटोक्यात आणणारी औषधं येतात, आणि जोडीला एक प्रकारची शाळाही. न्यायाधीश कोण, सरकारी वकील कोणाच्या बाजूने, गुन्हा कबूल केला तर काय होतं, आपण गप्प बसू शकतो का, हे सगळं पुन्हा पुन्हा शिकवतात. माणूस पूर्ण बरा व्हावा हा यामागचा हेतू नाही. खटला पुढे नेता यावा एवढंच उद्दिष्ट असतं. हा फरक लक्षात ठेवा, शेवटी तो महागात पडतो.

आता हे 'सक्षम करणं' किती काळ चालावं? या प्रश्नाच्या मुळाशी थिऑन जॅक्सन नावाच्या माणसाची गोष्ट आहे. इंडियाना राज्यातला २७ वर्षांचा तरुण, ऐकू-बोलू न शकणारा, समज लहान मुलाएवढी. आरोप दोन चोऱ्यांचा. एकीत ४ डॉलरचा ऐवज, दुसरीत ५ डॉलर रोख. त्याला सक्षम होईपर्यंत डांबून ठेवण्याचा आदेश झाला. तो कधीच सक्षम होण्यासारखा नव्हता, म्हणजे ९ डॉलरसाठी जन्मठेपच. १९७२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे चालणार नाही असं सांगितलं. सुधारण्याची शक्यता आहे का हे ठरवायला लागेल तेवढाच वाजवी काळ ठेवता येईल, त्यापुढे सोडा किंवा दिवाणी कायद्याने उपचारांची वेगळी व्यवस्था करा.

निकाल चांगलाच होता. पण पुढच्या दशकांत वेगळीच कोंडी झाली. मनोरुग्णालयांतल्या खाटा कमी होत गेल्या, कोर्टाचे आदेश वाढत गेले, आणि मधल्या मध्ये माणसं तुरुंगात वाट पाहत राहिली. वॉशिंग्टन राज्यात याविरुद्ध २०१४मध्ये ट्रूब्लड नावाने ओळखला जाणारा दावा दाखल झाला. आजारी कच्चे कैदी आठवडेच्या आठवडे, कधी महिने, खाटेची वाट पाहत होते, आणि अनेकांना दिवसाचे २२-२३ तास एकट्याला कोठडीत ठेवलं जात होतं. ज्याला आधीच भिंतींतून आवाज येतात त्याला एकांतात ठेवणं म्हणजे आगीत तेल. २०१५मध्ये सिअ‍ॅटलच्या संघीय न्यायालयाच्या न्यायाधीश मार्शा पेकमन यांनी राज्याला सुनावलं, की रिस्टोरेशनचा आदेश झालेल्या माणसाला ७ दिवसांत दाखल करून घ्या. राज्याला ते जमेना. दंड साचत गेले. २०१८मध्ये तडजोड झाली, २०१९मध्ये कायदा बदलला, आणि २०२०च्या उन्हाळ्यात टॅकोमा, स्पोकेन आणि राज्याच्या नैऋत्य भागात एक नवी वाट सुरू झाली. सगळ्यांनाच रुग्णालयात नेण्याऐवजी, ज्यांना बाहेर ठेवणं शक्य आहे त्यांना बाहेरच ठेवून सक्षम करायचं. दुखणं मात्र तेवढ्याने मिटलं नाही. २०२३च्या जुलैमध्ये त्याच न्यायालयाने करार मोडल्याबद्दल राज्याला १० कोटी डॉलरच्या घरात रक्कम भरायला लावली.

बाहेर म्हणजे नेमकं कुठे?

बाहेर ठेवायचं म्हटलं की पहिला प्रश्न पत्त्याचा. डॅनीला पत्ता नाही. आईने दार बंद केलंय, मित्र त्याच्यासारखेच रस्त्यावर. तुरुंगात एक पूर्ण कॅलेंडर महिना गेला की अपंगत्वाचा सरकारी भत्ता थांबतो. मेडिकेड, म्हणजे गरिबांचा सरकारी आरोग्यविमा, औषधाचे पैसे देतो. घरभाडं साधारणपणे देत नाही. म्हणजे कोर्ट सोडायला तयार, डॉक्टर तयार, औषध तयार, आणि अडतंय कशावर, तर खाटेवर.

वॉशिंग्टनचा कायदा याबाबत स्पष्ट आहे. बाहेर राहून रिस्टोरेशन हवं असेल तर वैद्यकीयदृष्ट्या तसं योग्य असलं पाहिजे, औषध किंवा इंजेक्शन घ्यायची तयारी हवी, दारू आणि डॉक्टरांनी न दिलेल्या कोणत्याही अमली पदार्थापासून दूर राहायची तयारी हवी, आणि गरज पडल्यास लघवीची किंवा श्वासाची तपासणी द्यायला हवी. शिवाय राहण्याची मान्य सोय हवी. या कामासाठी २०१९च्या कायद्याने एक नवी भूमिका तयार केली. फॉरेन्सिक नॅव्हिगेटर म्हणतात त्यांना. हा माणूस आरोपीला तुरुंगात जाऊन भेटतो, तो बाहेर राहायला तयार आहे का बघतो, कोर्टाला सुचवतो, खोली-औषध-तारीख यांची सांगड घालतो. घरासाठी राज्याची स्वतंत्र मदत-पथकं असतात, त्यांत स्वतः मानसिक आजारातून किंवा व्यसनातून गेलेली माणसं काम करतात. ते शोधतात: भाड्याची खोली, मोटेल, कुणाच्या घरातली जागा, आणि खूपदा सोबर हाउस, म्हणजे दारू-ड्रग्जला बंदी असलेलं, काही जणांनी मिळून राहायचं घर.

हे ऐकताना मला आपला कायदा आठवतो. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३६९ आणि त्याआधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३३० जवळपास हेच म्हणतात. मानसिक आजारामुळे स्वतःचा बचाव करू न शकणाऱ्या आरोपीला दाखल करून उपचारांची गरज नसेल, तर गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, बाहेर सोडता येतं. अट अशी, की एखाद्या मित्राने किंवा नातेवाइकाने नियमित उपचारांची हमी घ्यावी. आपल्या कायद्याने गृहीत धरलंय की भावाचं, काकाचं घर असेलच. वॉशिंग्टनच्या कायद्याने गृहीत धरलंय की ते नसेल, म्हणून सरकारला खोली शोधावी लागेल. मला दुसरं गृहीतक जास्त प्रामाणिक वाटतं. आपल्याकडेही तुरुंगात असे मनोरुग्ण आहेत, ज्यांच्यामागे हमी घ्यायला कुणी उभं नसतं, आणि त्यांच्यासाठी कलम ३६९ची वाट अरुंदच राहते.

सोबर हाउसच्या आत

सोबर हाउस म्हणजे आपल्याकडचं व्यसनमुक्ती केंद्र नव्हे. पुण्याच्या मुक्तांगणसारख्या ठिकाणी डॉक्टर असतात, समुपदेशक असतात, उपचारांचा ठरलेला काळ असतो. सोबर हाउस हे नुसतं घर. साध्या वस्तीतलं, साधं, दुमजली लाकडी घर. फ्रिजच्या प्रत्येक कप्प्यावर चिकटपट्टी लावून नाव लिहिलेलं. स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या फळ्यावर कुणी भांडी घासायची, कुणी कचरा बाहेर ठेवायचा याची पाळी. औषधांसाठी प्रत्येकाची छोटी कुलूपपेटी. आठवड्यातून एकदा सगळ्यांची सभा, तिच्यात भाडं कुणाचं थकलंय इथपासून रात्री दार कोण आपटतं इथपर्यंत सगळं निघतं. आणि बाथरूममध्ये, कागदाच्या पिशवीत, तपासणीचे प्लास्टिकचे कप.

या घरांचा सगळ्यांत परिचित नमुना ऑक्सफर्ड हाउस. १९७५मध्ये मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंग गावी काउंटीचं एक निवासी केंद्र पैशांअभावी बंद होत होतं. तिथे राहणाऱ्या पॉल मोलॉय आणि इतरांनी ठरवलं की हे घर आपणच भाड्याने घेऊन चालवायचं. नियम तीन: सगळे निर्णय मतदानाने, खर्च सगळ्यांनी वाटून, आणि जो पुन्हा प्यायला किंवा नशा केली तो बाहेर. पगारी व्यवस्थापक नाही, राहण्याची मुदत नाही. आज अशी घरं ३ हजारांच्या वर आहेत, आणि वॉशिंग्टन राज्यात ती बरीच आहेत. वस्त्यांनी सुरुवातीला विरोधही केला. त्याच राज्यातल्या एडमंड्स गावाने 'एका घरात नात्यात नसलेली पाचांहून जास्त माणसं नकोत' या नियमावर बोट ठेवून एका ऑक्सफर्ड हाउसला अडवलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि १९९५मध्ये न्यायालयाने सांगितलं की गावाचा तो नियम घर मिळण्यातल्या भेदभावाविरुद्धच्या कायद्यातून सुटू शकत नाही.

ही घरं कामाची आहेत का? हो, आणि हे मी मनापासून म्हणते. इलिनॉयमध्ये उपचार संपवून बाहेर पडलेल्या १५० जणांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं. निम्मे ऑक्सफर्ड हाउसमध्ये गेले, निम्मे नेहमीच्या पद्धतीने आपापल्या घरी किंवा जमेल तिथे. दोन वर्षांनी पाहिलं तर घरातल्यांपैकी सुमारे ३१ टक्के पुन्हा नशा करत होते, बाहेरच्यांपैकी सुमारे ६५ टक्के. २००६मध्ये हे प्रसिद्ध झालं. एवढा फरक औषधाने पडला असता तर त्याची जाहिरात झाली असती.

पण हे लोक कोण होते ते बघा. व्यसनावरचे उपचार पूर्ण केलेले, आणि स्वतःहून या घरांत जायला तयार झालेले. डॅनी तसा नाही. डॅनीला कोर्टाने नुकतंच सांगितलंय की तुला तुझा खटला कळत नाही, आणि त्याच श्वासात विचारलंय की या घराच्या अटी तुला मान्य आहेत का. तो हो म्हणतो. तुरुंगातून बाहेर पडायला कोण नाही म्हणेल? त्या 'हो'चं वजन किती धरायचं, हा प्रश्न कागदावर कुठे येत नाही. कोर्टाला सही हवी असते, सही मिळते.

एका घोटाची किंमत

आता या सगळ्याचा जो गाभा मला वाटतो तो सांगते. इथे दोन नियम एकमेकांवर बसवलेत, आणि ते दोन वेगळ्या जगांतले आहेत.

पहिला कायद्याचा. डॅनीने अटी मोडल्या तर कायदा विचारतो, की त्यामुळे बाहेर राहून उपचार चालू ठेवणं आता अयोग्य झालंय का? अयोग्य झालं असेल तरच त्याला कार्यक्रमातून काढून रुग्णालयातल्या रिस्टोरेशनकडे पाठवायचं. यात डॉक्टरला, न्यायाधीशाला विचार करायला जागा आहे. एक दिवस घसरला, पण औषध घेतोय, वर्गाला येतोय, तर चालू ठेवा असं म्हणता येतं. व्यसनाचा आजार ज्यांनी जवळून पाहिलाय त्यांना माहीत आहे की घसरणं हा आजाराचाच भाग असतो.

दुसरा घराचा. प्यायला की बाहेर, त्याच दिवशी. आणि घराच्या बाजूनेही हा नियम क्रूर नाही. बाकीचे सात-आठ जण तिथे आपला जीव वाचवायला आलेले असतात. एकाच्या खिशातली पुडी सगळ्यांना बुडवू शकते.

दोन्ही नियम आपापल्या जागी बरोबर. एकत्र आले की मात्र घराचा नियम कायद्याला गिळून टाकतो. कारण खोली गेली की मान्य सोय गेली, सोय गेली की कार्यक्रम गेला, आणि डॅनी पुन्हा जिथून निघाला तिथे. न्यायाधीशाने जो विचार करायचा होता, तो रविवारी रात्री स्वयंपाकघरात हात वर करून झालेला असतो. त्या घरातल्या कुणालाही माहीत नसतं की आपण एका फौजदारी खटल्याची दिशा ठरवली.

म्हणून अशा प्रत्येक घराला एकच प्रश्न आधी विचारायला हवा, असं माझं मत आहे: ज्या रात्री हा घसरेल, त्या रात्री तो झोपेल कुठे? काही घरांकडे याचं उत्तर असतं. नशा उतरेपर्यंत डिटॉक्समध्ये पाठवतात, तोवर खाट राखून ठेवतात, परत आल्यावर सभेत बोलून ठरवतात. ज्या घराकडे उत्तर नाही, ते कितीही स्वच्छ आणि प्रेमळ असो, डॅनीसाठी नाही. अमेरिकेत या घरांचे चार स्तर मानले जातात, पूर्णपणे रहिवाशांनी चालवलेल्यापासून ते पगारी माणसं आणि उपचार असलेल्यापर्यंत. डॅनीला वरच्या स्तरांतलं घर लागतं, आणि तीच घरं महाग आणि मोजकी.

नेमकी उलटी वाट धरणारंही एक घर त्याच राज्यात आहे. सिअ‍ॅटलमधलं १८११ ईस्टलेक. २००५मध्ये उघडलेली ७५ खोल्यांची इमारत, वर्षानुवर्षं रस्त्यावर राहून दारू पिणाऱ्यांसाठी. तिथे स्वतःच्या खोलीत प्यायला बंदी नाही. आधी छप्पर, मग बाकीचं. सुरुवातीला लोक संतापले होते. २००९मध्ये आलेल्या अभ्यासात दिसलं, की पहिल्या सहा महिन्यांत इथे राहणाऱ्यांवरचा सार्वजनिक खर्च, म्हणजे तुरुंग, रुग्णालय वगैरे धरून, प्रतीक्षायादीतल्यांच्या तुलनेत ५३ टक्के कमी झाला. मग सोबर हाउस चूक का? नाही. मेथमुळे ज्याला चार दिवस झोप नसते आणि शेजारचा माणूस खुनी वाटू लागतो, त्याच्यासाठी नशेपासूनचं अंतर हेच निम्मं औषध असतं. माणूस बघून घर द्यावं, एवढंच मला कळतं. आज बहुतेक वेळा खाट बघून माणूस पाठवला जातो.

बारीक गोष्टी, ज्यांवर सगळं अडतं

कपातल्या लघवीचंच घ्या. झटपट तपासणीची पट्टी पूर्ण भरवशाची नसते. ब्युप्रोपिऑन नावाचं नैराश्यावरचं नेहमीचं औषध घेणाऱ्याची पट्टी अ‍ॅम्फेटामिनसाठी खोटीच 'पॉझिटिव्ह' येऊ शकते. प्रयोगशाळेतली पक्की तपासणी हे वेगळं करून दाखवते, पण तिला दिवस लागतात, आणि घराचा नियम त्याच दिवशीचा. डॅनी ओरडून सांगेल की मी काही घेतलं नाही. पण ज्याच्या कागदावर 'भ्रम' लिहिलंय, त्याच्या सांगण्यावर कोण विश्वास ठेवतो? म्हणून पक्का अहवाल येईपर्यंत बाहेर काढायचं नाही, हे आधीच लेखी ठरलेलं असावं लागतं.

सिगारेटचं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. अमेरिकेतल्या बहुतेक तुरुंगांत धूम्रपानाला बंदी आहे. डॅनीचा ओलँझापिनचा, म्हणजे भ्रम-भास आटोक्यात ठेवणाऱ्या औषधाचा, डोस तिथे ठरला. सोबर हाउसमध्ये दारू नाही, ड्रग्ज नाहीत, मग मागच्या अंगणात काय चालतं, तर सिगारेट, एकामागून एक. तंबाखूच्या धुरामुळे यकृत हे औषध जास्त वेगाने संपवतं. क्लोझापिन या त्याच कामाच्या औषधाचंही तसंच. म्हणजे गोळी तीच, वेळ तीच, आणि रक्तातलं औषध मात्र कमी. तीन आठवड्यांनी आवाज परत येतात. घरातल्यांना वाटतं, हा नक्की पुन्हा मेथवर गेला.

काही घरांत औषधांबद्दलच आकस असतो. 'सोबर म्हणजे काहीच नको' असं मानणारे जुने लोक अफूच्या व्यसनावरची ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन घेणाऱ्यालाही नशेतच धरतात. अमेरिकेच्या न्याय खात्याने २०२२मध्ये स्पष्ट केलं की डॉक्टरांनी दिलेल्या अशा औषधांमुळे कुणाला नाकारणं हा अपंगांविरुद्धचा भेदभाव ठरतो. कायदा स्पष्ट झाला, मन बदलायला वेळ लागतो. ज्याची सुटकाच औषध घेण्याच्या अटीवर झाली आहे, त्याला टेबलावर रोज 'अजून त्या गोळ्या चालूच का?' असं ऐकावं लागलं तर तो एक दिवस त्या थुंकून टाकेल. महिन्यातून एकदा दंडात घ्यायचं इंजेक्शन इथे खूप कामाला येतं, कारण मग पेटीतल्या गोळ्या कुणी मोजत बसत नाही.

आणि बोलणं. मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. सोबर हाउसची सगळी संस्कृती मन मोकळं करण्यावर उभी आहे. सभेत उभं राहायचं, मी काय काय केलं, कुणाला दुखावलं ते सांगायचं. त्यानेच माणसं सुटतात, हे खरं आहे. पण डॅनीवर खटला उभा राहणार आहे, आणि फौजदारी वकिलाचा पहिला सल्ला असतो की त्या दिवशीबद्दल कुणाकडे एक शब्द बोलू नका. वकिलाशी झालेलं बोलणं कायद्याने सुरक्षित असतं. शेजारच्या खाटेवरच्या माणसाशी झालेलं नसतं. तो उद्या साक्षीदार होऊ शकतो. सकाळी वर्गात डॅनीला शिकवतात की तुला गप्प राहायचा हक्क आहे, आणि संध्याकाळी घरात सांगतात की गप्प राहिलास तर बरा होणार नाहीस. हे दोन्ही एकाच वेळी सांभाळणं धडधाकट माणसालाही अवघड. चांगल्या घरात याची एक साधी पळवाट काढतात: व्यसनाबद्दल हवं तेवढं बोल, केसबद्दल इथे कुणीच बोलायचं नाही, आणि हा नियम सगळ्यांना सारखा. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या बैठकांची सक्ती हाही असाच नाजूक मुद्दा. वॉशिंग्टन ज्या संघीय अपील न्यायालयाच्या हद्दीत येतं, त्याने २००७मध्येच सांगितलंय की पॅरोलवरच्या माणसावर अशा, देवावर श्रद्धा मागणाऱ्या कार्यक्रमाची सक्ती करता येत नाही. तेव्हा दुसरा पर्याय द्यायलाच हवा.

देखरेख नसेल तर काय होतं, हे अ‍ॅरिझोनाने पाहिलं. २०२३मध्ये तिथल्या राज्य सरकारनेच जाहीर केलं, की सोबर हाउसच्या नावाखाली मूळनिवासी अमेरिकी लोकांना आणून ठेवलं गेलं, न दिलेल्या उपचारांची बिलं मेडिकेडला लावली गेली, आणि छापे पडू लागल्यावर कित्येक जण रस्त्यावर आले. खोलीचा ग्राहक आजारी, पैसे देणारं सरकार लांब, आणि मधे मालक. अशा जागी नोंदणी आणि अचानक भेटी नसतील तर चोरी होणारच.

९० दिवसांनंतर

डॅनीचं नीट चाललंय असं धरू. गंभीर गुन्ह्यातला पहिला आदेश साधारण ९० दिवसांचा असतो, गरज पडली तर वाढतो. आवाज मंदावलेत. फळ्यावर त्याचं नाव भांड्यांच्या पाळीत आहे आणि तो ती चुकवत नाही. मूल्यमापन करणारे येतात, त्याच्याशी तासभर बोलतात, आणि अहवालात लिहितात: सक्षम. वकीलबाई पुन्हा तोच प्रश्न विचारतात आणि तो आरोप नीट सांगतो, काचेची किंमतही सांगतो.

आणि इथेच तो सुरुवातीचा फरक महागात पडतो. त्याला खटल्यापुरतं बरं करायचं होतं, ते झालं. खोली त्या कामासाठी होती, ते काम संपलं. पुढे सरकारी वकील आरोप मागे घेवोत, तडजोड होवो किंवा खटला चालो, भाड्याची मदत तात्पुरतीच होती. बरं होण्याचं बक्षीस म्हणून खोली जाते, आणि ज्या स्थैर्याने तो बरा झाला तेच काढून घेतलं जातं. मग काही महिन्यांनी त्याच माणसाची तीच फाइल पुन्हा टेबलावर येते. या कामातल्या लोकांना अशी नावं तोंडपाठ असतात.

त्यामुळे जे नॅव्हिगेटर मुरलेले आहेत ते अहवालाची वाट बघत नाहीत. डॅनी सोबर हाउसमध्ये शिरला त्याच आठवड्यात ते त्याला टेबलाशी बसवून अपंगत्वाच्या भत्त्याचा अर्ज भरून घेतात आणि कायमच्या भाडेमदतीच्या यादीत त्याचं नाव घालतात. त्या यादीतला नंबर यायला दिवस नाही, वर्षं लागतात, म्हणून पहिल्याच आठवड्यात.